सोमवारच्या बाया

बाळूचा फोन आला तेव्हा मी केजला घरी ज्वारी निवडत बसले होते. बाळू म्हणजे शिरूर कासारच्या सदूआबांचा मुलगा. एरवी हा मला फोन करणारा नव्हे. शिरूरला होते तेव्हा रस्त्यात समोर आला तरी मान खाली घालून जायचा. म्हणाला, "सिस्टर, आबा गेले. नऊ दिवस झाले." नऊ दिवसांनी सांगतोस होय रे, असं तोंडापर्यंत आलं होतं, ते गिळलं. मग तो अडखळत म्हणाला, "उद्या दहावा हाय. नदीवर त्यांचं ते सोमवारचं लावावं म्हंतो. पण त्यातलं सोमवारचं कोणतं, मला ठावं न्हाई."

ज्या घरात ती कॅसेट तीस वर्षं वाजली, त्या घरातल्या पोराला सोमवारचं कोणतं ते माहीत नाही. मी सांगितलं, दुसऱ्या बाजूचं अगदी शेवटचं. "आणि हळू लाव," एवढं म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी मग ज्वारी तशीच राहिली.

मला संगीतातलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म गेला. लेकरांचं रडणं आणि साहेबांचं ओरडणं, एवढंच माझ्या कानांचं शिक्षण. शिरूरला बदली झाली तेव्हाही मी तोंड वाकडं करूनच गेले होते. पाणी नाही, झाड नाही, आणि दसरा झाला की अर्धा तालुका ऊस तोडायला निघून जातो. लसीकरणाच्या यादीतली अर्धी नावं घराला कुलूप लावून गेलेली. असल्या गावात मी विलायतेतल्या शंभर माणसांचं वाजवणं ऐकायला बसेन, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याचा ताप मोजला असता.

पोलिओच्या डोसाची दवंडी द्यायची होती. गावात कर्णे भाड्याने देणारे एकच, सदूआबा. एसटी स्टँडच्या मागे त्यांची पत्र्याची खोली होती. आत भिंतीवर सात-आठ कर्णे टांगलेले, खाली पोट फाडलेले रेडिओ, आणि टेबलावर एक जुना टेपरेकॉर्डर. मी तरातरा आत गेले आणि बोलायला लागले, तर या माणसाने माझ्याकडे न बघता तळहात वर केला. पांढरं धोतर, वर खाकी सदरा, कानात अत्तराच्या फायासारखा कापसाचा बोळा अडकवायची सवय, तो बोळा त्या वेळी काढून टेबलावर ठेवलेला. मी म्हटलं, अहो सरकारी काम आहे. तर म्हणाले, "बसा सिस्टर. शुक्र चाललाय. संपला की सरकार."

मला असा राग आला म्हणता! पण दुसरा कर्णेवाला नव्हता, म्हणून बसले. खोलीत आणखी दोघं होते, दोघंही डोळे मिटून. एक किसनराव, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. दुसरा म्हाळाप्पा धनगर, त्याची मेंढरं बाहेर बाभळीखाली उभी. आणि त्या डब्यातून काहीतरी संथ, गार असं येत होतं. वैशाखातल्या दुपारी ओला पंचा डोक्यावर टाकावा तसं. मी दवंडीचा कागद हातात धरून बसून राहिले. ते संपल्यावर आबांनी कागद घेतला, दोनदा वाचला आणि दवंडी इतकी चांगली दिली की त्या वर्षी एकही लेकरू सुटलं नाही.

ती कॅसेट त्यांच्याकडे आली त्याचीही गंमतच. पाझर तलावाच्या कामावर कुणी दक्षिणेकडचा इंजिनियर आला होता, त्याने टेपरेकॉर्डर दुरुस्तीला टाकला आणि बदली होऊन गेला, तो परत आलाच नाही. आत ही कॅसेट. रेडिओवरून भरून घेतलेली, वर इंग्रजीत हाताने सात नावं लिहिलेली. किसनरावांनी आपल्या कंडक्टरी इंग्रजीने ती लावली, मंगळ, शुक्र, बुध, गुरू, शनी. विलायतेत एका माणसाने एकेका ग्रहाचं वाद्यवृंदासाठी संगीत केलंय, एवढं त्यांना समजलं. राहिली दोन नावं, युरेनस आणि नेपच्यून. हे काही आपल्या पंचांगात नाहीत, तेव्हा हे राहू-केतूच असणार, असं किसनरावांनी ठरवून टाकलं.

शाळेत शिकलेलं मला आठवत होतं. मी म्हटलं, अहो राहू-केतू वेगळे, हे वेगळे. आबा शांतपणे म्हणाले, राहू-केतूला कुणी बघितलं न्हाई आन् ह्या दोघांना बी कुणी बघितलं न्हाई, मग भांडण कावून? विषय संपला.

आणि मग त्यांनी जे केलं ते फक्त आपल्याकडचा माणूस करील. प्रत्येक ग्रह त्याच्या वारालाच ऐकायचा. मंगळवारी मंगळ, बुधवारी बुध, असं शनिवारपर्यंत. सूर्य-चंद्र त्या विलायती माणसाने घेतले नव्हते, म्हणजे रविवार-सोमवार मोकळे. आणि दोन ग्रह बिनवाराचे. रविवारी राहू, सोमवारी केतू. बसलं. दुपारी चार वाजता, एकच ग्रह, मग चहा. गुरुवारी कुणी मंगळ लाव म्हटलं तर आबा त्याच्याकडे असं बघायचे, जसं काही त्याने एकादशीला मटण मागितलं. वाराप्रमाणे कॅसेट पुढे-मागे करावी लागे. आदल्या दिवशीच ते दुसऱ्या दिवसाच्या ग्रहावर फीत आणून ठेवत, टेपच्या खिडकीतले आकडे बघत. ते आकडे त्यांना पाठ होते.

मी हळूहळू रोजचीच झाले. ओपीडी संपली की पाय तिकडेच वळायचे. दवाखान्यातल्या बायका हसायच्या, सिस्टरला ग्रह लागले म्हणायच्या. लागले तर लागले. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून आल्यावर तिथे कुणी काही सांगत नव्हतं, मागत नव्हतं.

म्हाळाप्पाला वाचता येत नव्हतं, पण धनगरी गजनृत्यात ढोल वाजवून त्याचा हात तयार झालेला. मंगळाचं ते ठोकत येणारं वाजवणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो मांडीवर बोटं आपटत बसला, चुकला, परत आपटली. मग म्हणाला, "ह्यो पाचावर येतोय बे. आमचं पाऊल चारावर पडतंय. पाचवं टाकायला माणसाला पाय कुठंय? म्हून भ्या वाटतंय." मंगळ ऐकताना मला कशाने धडकी भरते ते मला त्या दिवशी कळलं. आबा इतके खूश झाले की त्यांनी त्याला आपल्या बशीतला चहा दिला.

आबांचं बोलणं कमी आणि हळू. कर्ण्यांचा धंदा करणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. माईक तपासताना लोक हॅलो हॅलो करतात, हे नखाने एकदा टिचकी मारायचे आणि त्या दिवसाची तिथी सांगायचे. कर्णा बांधताना गावाकडे नाही, वाऱ्याकडे बघायचे. "आवाज पाव्हणा असतो," म्हणायचे, "बोलावला तेवढाच यावा, आन् दार न मोडता यावा." लग्नात कर्ण्याखाली उभं राहावं लागलं की दोन्ही कानांत कापूस. कुणी हसलं तर म्हणायचे, कान काय मोंढ्यात मिळत न्हाई.

शनिवारचा एक प्रसंग सांगते. आबांकडे शनीचं गाणं लागतं, अशी बातमी गावात पसरली. पारूबाई नावाची एक बाई, नवरा अंथरुणाला खिळलेला, मागे साडेसाती आहे असं कुणीतरी सांगितलेलं. ती एका शनिवारी रुईच्या पानांची माळ आणि वाटीत तेल घेऊन आली. माळ टेपरेकॉर्डरला घातली. किसनराव हसायला लागले, तर आबांनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. तेल ओतायच्या आधी हळूच टेपखाली ताट सरकवलं, एवढंच. तिने ते म्हातारपणासारखं थकत थकत येणारं वाजवणं शेवटपर्यंत ऐकलं. महिन्याभरात तिचा नवरा गेला. मला वाटलं, आता ही येऊन शिव्या देणार. ती पुढच्या शनिवारी आली, रिकाम्या हाताने, आणि कोपऱ्यात बसली. जाताना म्हणाली, ह्ये खोटं बोलत न्हाई. त्यानंतर दर शनिवारी यायची.

पण सगळ्यात मोठा दिवस सोमवार. ते शेवटचं वाजवणं अगदी विरळ असतं, आणि त्यात मध्येच बायांचे आवाज येतात. शब्द नाहीत, नुसते आवाज. ते येतात आणि मग लांब लांब जात राहतात. संपले कधी ते कळत नाही. आबांनी त्याचा खेळ केला होता. बायांचे आवाज आले की सगळ्यांनी उजवा हात वर करायचा. ज्याला ऐकू येईनासं होईल त्याने खाली घ्यायचा. ज्याचा हात पहिला खाली, त्याने चहा करायचा. एसटीच्या इंजिनाशेजारी जन्म घालवलेल्या किसनरावांनी जवळजवळ प्रत्येक सोमवारचा चहा केला. मग माझा हात खाली यायचा, मग म्हाळाप्पाचा. रानात लांबच्या मेंढराचा आवाज ओळखणारे कान ते. आणि आबांचा हात त्यानंतरही किती तरी वेळ वर.

मी एकदा चिडवलं. म्हटलं, आबा, तुम्ही लबाडी करता, इतका वेळ काही ऐकू येत नाही कुणाला. त्या दिवशी बाकीचे दोघे लवकर गेले होते. आबा टेपचं झाकण पुसत होते. म्हणाले, मला सवय हाय, सिस्टर. आणि मग सांगितलं.

त्यांची बायको कौसा. लग्नानंतर दोन वर्षं दोघं जोडीने ऊस तोडायला गेले. तिसऱ्या वर्षी आबा अडून बसले, कोयता धरणार नाही म्हणाले, कर्ण्यांचा धंदाच करणार. नुकते दोन कर्णे आणलेले. घर तर चालायला पाहिजे. कौसाला पाचवा महिना. ती म्हणाली, तुमी बसा तुमच्या कर्ण्यापाशी, मी भावाच्या टोळीत जाते. आणि गेली. आबा वेशीपर्यंत सोडायला गेले. ट्रक निघाला तशा बाया गाणं म्हणायला लागल्या. ट्रक दिसेनासा झाला तरी आवाज येत होता. आबा एकेक आवाज निवडून बाजूला काढत उभे राहिले, ही अमकीची, ही तमकीची. "शेवटचा तिचा ऱ्हायला," म्हणाले. "फाट्याच्या पल्याड जाईस्तोवर मला येत व्हता."

कारखान्यावरच्या पाचटाच्या कोपीत ती बाळंत झाली. मी नर्स आहे, मला पुढचं सांगायची गरज नव्हती. टोळीने बाळू आणून आबांच्या हातात दिला. कौसाला तिकडेच अग्नी दिलेला. त्यानंतर वर्षाने तो इंजिनियर टेप टाकून गेला. आबांनी दुरुस्त करून कॅसेट लावून बघितली, शेवटपर्यंत चालते का म्हणून. शेवटी त्या बाया आल्या आणि लांब गेल्या.

"फोटू न्हाई तिचा," आबा म्हणाले. "एवढंच हाय."

मी नंतर कधी त्यांना लबाडीवरून चिडवलं नाही. सोमवारी ते कुणाला शेवटपर्यंत सोडायला जातात ते मला कळलं होतं. किसनरावांना आणि म्हाळाप्पाला ते माहीत नव्हतं. बाळूलाही नव्हतं. त्याला आबांनी कधी सांगितलं नाही, पोराने दोष अंगावर घेऊ नये म्हणून.

बाळू मोठा झाला आणि त्याने डीजे घेतला. धंदा तोच, आवाजाचा, पण बाप टिचकीवाला आणि लेक भिंतीवाला. ट्रकवर दोन पुरुष उंचीची भोंग्यांची भिंत. ती रस्त्याने गेली की दवाखान्यातली सलाईनची बाटली हलायची. कर्ण्यांना कुणी विचारीनासं झालं. आबा बाळूला एका शब्दाने बोलले नाहीत, पण डीजे बघायलाही गेले नाहीत. बापलेकात भांडण नव्हतं. बोलायला विषयच नव्हता.

आता माझी चूक. माझी भाची पुण्याला असते. तिला मी या ग्रहांचं सांगितलं होतं, तिने ते सगळं संगीत पेनड्राइव्हवर घालून दिलं, अगदी स्वच्छ, नव्याने भरलेलं. मी हौसेने आबांना नेऊन दिलं. त्यांनी ते तळहातावर ठेवलं आणि बघत राहिले. म्हणाले, आपल्या कॅसेटीत फीत घासून घासून निम्मं गेलं असंल. ह्यात सगळं असंल न्हाई? त्यांच्या खोलीत तो पेनड्राइव्ह लागेल असं काहीच नव्हतं. मग तेच म्हणाले, बाळूकडं लागंल.

कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाची मिरवणूक होती. आदल्या दिवशी दुपारी बाळूने बाजारतळावर भिंत लावून ठेवली होती, तपासायला. मंगळवार होता. आबा त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, माझं एक लावशील का? मी शेजारीच होते. त्या पोराचा चेहरा मी विसरणार नाही. तीस वर्षांत बापाने पहिल्यांदा त्याच्याकडे काहीतरी मागितलं होतं, त्याच्या यंत्रावर विश्वास टाकला होता. त्याने पळत जाऊन प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या, आपल्या रुमालाने पुसल्या, आणि भिंतीच्या बरोबर समोर, मधोमध मांडल्या. आबांनी कानातला कापूस काढला आणि खिशात ठेवला. ग्रहांना ते कापूस घालत नसत.

बाळू भिंतीमागे ट्रकमध्ये, यंत्रापाशी. सुरू झालं, पण काही ऐकूच येईना. ते वाजवणं सुरुवातीला इतकं हळू असतं हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मोकळं मैदान, वारा, त्यात ते लांबून आल्यासारखं टक टक. आबांनी हात उडवला, वाढव. ट्रकपाशी उभ्या किसनरावांनी बाळूला ओरडून सांगितलं. तरी पुरेना. आबांनी पुन्हा हात उडवला. भोंगेवाल्यांची रीतच ती, पहिला आवाज कानाला लागला की तिथे बटण सोडायचं, पुढे सगळं तेवढंच असतं. बाळूने जेवढं होतं तेवढं वर नेलं. आणि मग ते टक टक चढत गेलं.

मी उठले ते कान दाबूनच. छातीत कुणी मुठीने मारावं तसं होत होतं. म्हाळाप्पाची मेंढरं उधळली, तो त्यांच्यामागे. किसनराव ट्रकचा पत्रा बडवत होते, पण आतल्या माणसाला काय ऐकू जाणार. मी परत येऊन आबांचा दंड धरून ओढला. ते उठले नाहीत. त्यांनी माझा हात झटकला. त्यांचे डोळे उघडे होते आणि त्यातून पाणी वाहत होतं. मी रोग्यांच्या डोळ्यांतलं पाणी आयुष्यभर बघितलंय, दुखण्याचं आणि सुखाचं मला वेगळं कळतं. ते सुखाचं होतं. सात-आठ मिनिटं हा माणूस त्या भिंतीसमोर बसून राहिला.

संपलं तेव्हा ते माझ्याकडे वळले आणि ओरडून म्हणाले, "थांबलं का?" त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

कानात शिट्टी वाजतेय म्हणाले. मी म्हटलं, जाईल, मोठ्या आवाजाने होतं असं, दोन दिवस बघू. कागदावर लिहून दाखवलं आणि ड्रॉप दिले. दोन दिवसांचे दहा झाले. नर्स मी, आणि मीच दहा दिवस घालवले. बीडला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ते माझ्यावरच चिडले, लगेच आणलं असतं तर गोळ्या देऊन निदान प्रयत्न केला असता, आता आतली नस गेली, मशीनचाही उपयोग नाही. परतीच्या एसटीत मी आबांशेजारी बसून रडले. त्यांनी बघितलं आणि खिडकीबाहेर तोंड केलं. त्या मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत बाळूची भिंत वाजलीच होती. बापानेच त्याला धाडलं, शब्द दिलाय तर जा म्हणून.

नंतर एकदा ते माझ्याशी त्यावर बोलले. आवाज वरखाली होत होता, कारण आता त्यांना स्वतःचा आवाज कळत नव्हता. म्हणाले, "मलाच कळाया पायजे व्हतं, सिस्टर. टेपवर भरताना यंत्र हळूचं मोठं करतंय आन् मोठ्याचं हळू. सगळं सारखं करून ठेवतंय. मी त्योच धंदा केला जन्मभर. अठ्ठावीस वरीस मी ते सारखं केलेलंच ऐकत व्हतो." मग म्हणाले, "पण बाळूला दोष न्हाई. खरं किती मोठं व्हतं ते ऐकलं एकदा."

बाजारात ते बोलायला लागले की लोक दचकून बघायचे. आवाज पाव्हण्यासारखा यावा म्हणणारा माणूस भाजीवाल्यावर ओरडत असायचा आणि त्याला पत्ता नसायचा. मी हात खाली दाबून खूण करायचे. मग त्यांनी बोलणंच कमी केलं. रात्रंदिवस कानात ती शिट्टी. बाळू घरात वावरायचा, समोर येऊन उभा राहायचा, ओठ हलवायचा आणि निघून जायचा. त्याने डीजे विकला नाही. विकून काय करणार होता? पण त्याने मला बघितलं की मान खाली जायची, आणि माझीही जायची. दोघंही एकाच अपराधातले.

बैठक मात्र मोडली नाही. चार वाजता आबा खोली उघडायचे, आकडे बघून बरोबर वाराचा ग्रह लावायचे आणि आमच्या तोंडांकडे बघत बसायचे. म्हाळाप्पा त्यांच्या मांडीवर मंगळाचे पाच ठोके बोटांनी वाजवून दाखवायचा. शनिवारी पारूबाई नुसतीच त्यांच्याशेजारी बसायची. सोमवारचं काय करायचं ते कुणाला सुचेना. बायांचे आवाज मांडीवर कसे वाजवणार? पहिल्या सोमवारी आबांनी माझ्यापुढे आपलं मनगट धरलं. म्हणाले, नाडी बघता तसं एक बोट ठिवा. बाया आल्या की ठिवायचं, गेल्या की उचलायचं. मी त्या खिडकीतल्या आकड्यांकडे बोट दाखवलं, म्हणजे ते तर तुम्हाला पाठच आहेत की. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. फीत कुठं हाय ते आकडा सांगतो, आवाज कुठं हाय ते माणसानंच सांगावं लागतं, म्हणाले. आणि मग माझ्याकडे बघून, पहिल्यासारखं अगदी हळू, "दोन दिवसांत बरं व्हईल म्हनलात, ते एकदा झालं. ह्या मनगटावर खोटं बोलायचं न्हाई."

मी दोन वर्षं ते पाळलं. ऐकायचं म्हणजे काय ते मी त्या दोन वर्षांत शिकले. आधी माझा हात किसनरावांच्या पाठोपाठ खाली यायचा. आता एका माणसाची बायको माझ्या बोटावर होती. मी श्वास धरून ऐकायचे. बाहेर गाडी गेली तर मनातल्या मनात शिव्या द्यायचे. पुढे पुढे मला म्हाळाप्पाच्याही नंतर ऐकू यायला लागलं. बोट उचललं की आबा डोळे उघडायचे, मान हलवायचे आणि किसनराव स्टोव्ह पेटवायला उठायचे.

मी रिटायर झाले तो सोमवार होता. दवाखान्यात नारळ, साडी, भाषणं झाली. साहेबांनी माझं नाव चुकीचं घेतलं. चार वाजता मी तशीच साडीचा पुडा घेऊन खोलीवर गेले. दुसऱ्या दिवशी सामान केजला जायचं होतं. आबांना मी कागदावर लिहून सांगितलं होतं. त्यांनी तो कागद घडी घालून कर्ण्याच्या तोंडात ठेवला होता, तो तिथेच दिसत होता.

लावलं. बाया आल्या. मी बोट ठेवलं. आबांनी डोळे मिटले, दुसरा हात टेपरेकॉर्डरवर ठेवलेला. मनगट बारीक झालं होतं, नाडी जरा चुकत होती, ते मला कळत होतं. किसनरावांचा हात खाली आला. म्हाळाप्पाचा आला. मला अजून येत होतं, लांब, मग आणखी लांब, आणि मग नाही. मी ऐकत राहिले. काहीच नव्हतं. उद्यापासून या मनगटावर कोण बोट ठेवणार? किसनरावांना शेवटपर्यंत ऐकू येत नाही, म्हाळाप्पा आठ-आठ दिवस रानात. मी बोट उचललं की ती बाई कायमची फाट्याच्या पलीकडे जाणार होती आणि तिला घालवणारी मी. माझ्याच्याने ते होईना. मी बोट तसंच ठेवलं. म्हाळाप्पा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

फीत संपली आणि टेपचं बटण खटकन वर आलं. आबांच्या दुसऱ्या तळहाताखालीच ते बटण होतं.

त्यांनी डोळे उघडले. रागावले नव्हते. हळू म्हणाले, "बोट काढा, सिस्टर. बाया कवाच गेल्या."

मी बोट काढलं. त्यांनी कॅसेट बाहेर घेतली, उलटी करून आत घातली आणि खिडकीतले आकडे शून्यावर आणायला लागले. दारातून बाहेर पडताना मी वळून बघितलं. मान वाकवून ते तसेच बसले होते. "उद्या मंगळवार हाय," म्हणाले.